वाणात दिलेला पासपोर्ट

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने माझ्या भावाला परदेशात विकलं, असं मी म्हणाले की आई कानांवर हात ठेवते. "विकलं काय म्हनतीस, पाठवलं म्हन." बरं, पाठवलं. शब्दावरून भांडायचा जोर आता माझ्यात राहिलेला नाही. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगणार, मग कुणाला आवडो न आवडो.

माझं माहेर केदारखेड्याच्या अलीकडे. आम्ही तीन भावंडं. मी थोरली, मला सगळे आक्का म्हणतात. मधली ती ताई, आणि सगळ्यात धाकटा भाऊ. वडील गेल्यावर शेतीचं सगळं त्याच्यावर आलं आणि त्याने ते बरं निभावलं. आमच्याकडे कंपन्यांसाठी बियाणं पिकवतात. शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, मिरचीची, टोमॅटोची झाडं लावायची, संध्याकाळी कळीतले पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे आणि सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग बोटाने लावायचे. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. काम नाजूक, हात हलका लागतो. माझ्या भावाचा हात बायकांपेक्षा हलका होता, आणि यावरून आम्ही बहिणींनी त्याला लहानपणापासून पिडलेलं आहे.

मी लग्नानंतर जालन्यात आले आणि बियाण्याच्या एका कंपनीत उगवण तपासण्याच्या कामाला लागले. प्रत्येक लॉटमधून मूठभर बी काढायचं, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचं आणि किती उगवतं ते बघायचं. शेतकरी कितीही गोड बोलला, साहेब कितीही घाईत असला, तरी कागद उलगडून बघितल्याशिवाय आम्ही पोतं पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे माझ्या स्वभावातच थोडं खडूसपण आलं आहे असं माझे यजमान म्हणतात. असेल.

ताईचा नवरा म्हणजे आमचे जावईबापू. दिसायला राजबिंडे, कपड्यांना कायम इस्त्री, बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याशी नीट बोलतंय. धंदा मात्र ज्या वर्षी जो चालेल तो. आधी प्लॉट विकले, मग विमा, मग सोलरचे पंप. मग एक दिवस जालन्याच्या स्टेशनच्या बाजूला, मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावर, काचेचं दार असलेलं ऑफिस निघालं आणि भिंतीवर जगाचा नकाशा लागला. आता ते परदेशात माणसं पाठवत होते.

त्या वर्षी अधिक महिना आला. आमच्याकडे अधिक महिन्यात लेक-जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावतात. तीन वर्षांतून एकदा जावई देवाच्या जागी बसतो. त्याचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे वाढायचे आणि तेहतीस अनारसे ताम्हनात घालून त्याला वाण द्यायचं. आईने सगळी भावकी जेवायला बोलावली होती. हात धुऊन झाल्यावर जावईबापू पानाला चुना लावत सहज बोलावं तसं म्हणाले, "आखातात मोठमोठाले शेडनेट उभे राह्यलेत. एसीमधले. तिथं क्रॉसिंगवाली माणसं पाह्यजेत आन् तिकडं कुणाला जमत न्हाई. म्हनलं, आपल्या गावच्या पोरांइतकं बराबर काम कोन करणार?"

पडवीतली पोरं पुढे सरकली. मी पुरणाचं पातेलं घेऊन उभी होते. मी विचारलं, "माणसं पाठवायला सरकारी नोंदणी लागते ना? तुमची झाली का?"

आईने मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की चार दिवस वण राहिला.

जावईबापू हसले. "आक्का, तुमच्या बियाच्या थैलीला लेबल असतंय. मानसाला कुठं लेबल असतंय? मानूस खानदानावरून वळखायचा." सगळे हसले. मलाही हसावं लागलं, कारण वाक्य चांगलं होतं. चांगली वाक्यं ही त्यांची खरी भांडवलाची पेटी.

मग ते म्हणाले, "पह्यला आपला घरचा मानूस पाठवणार. माझा मेव्हना. त्याच्याकडून एक रुपया घेणार न्हाई."

पुढे जे झालं ते दुसरीकडे कुठे होईल असं मला वाटत नाही. भावाने मागे हौसेने पासपोर्ट काढून ठेवला होता. आई उठली, फडताळातून तो घेऊन आली, त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि ताम्हनात अनारशांच्या शेजारी ठेवला. वर खण झाकला आणि ते सगळं जावयाच्या हातात दिलं. वाण म्हणून. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला तेव्हा हसू आलं होतं, तेही सांगून टाकते.

स्वयंपाकघरात मी आईला म्हणाले की निदान कागदपत्रं तरी बघायची होती. ती भडकली. "जावयाला कागद मागतीस? लेकीला नांदवायचंय का न्हाई?" या एका वाक्यापुढे आमच्याकडे सगळे कायदे संपतात. ताई शेजारीच ताटं विसळत होती. ती विसळलेलंच ताट परत विसळायला लागली.

भाऊ गेला. थोड्याच दिवसांत त्याचा व्हिडिओ आला. मागे हिरवीगार झाडं, वर पांढरं छत, आणि तो नव्या शर्टात उभा राहून म्हणतोय, "मी बिलकुल मजेत हाय. जेवण चांगलं हाय." जावईबापूंनी तो व्हिडिओ केदारखेड्यापासून भोकरदनपर्यंत दाखवला. चहाच्या टपरीवर दाखवला, लग्नात दाखवला, एका मयतीच्या घरीसुद्धा दाखवला असं मी ऐकलं. ऑफिसात पोरांची रांग लागली.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. नवीन बियाणं विकायचं असलं की रस्त्याकडेच्या एका शेतकऱ्याला ते फुकट द्यायचं, त्याच्या बांधावर बोर्ड लावायचा आणि बाकीच्यांना गाडीत घालून ते शेत दाखवायला आणायचं. त्याला आम्ही डेमो प्लॉट म्हणतो. माझा भाऊ जावईबापूंचा डेमो प्लॉट होता. म्हणून तर त्याच्याकडून एक रुपया घेतला नाही.

आमच्या भिंतीला भिंत लावून भावकीतली एक काकी राहते. नवरा लवकर गेला, एकच पोरगा. माझ्या भावाचा हा लहानपणापासूनचा जोडीदार, दोघं एकाच शेडनेटमध्ये काम शिकले. व्हिडिओ बघून काकीने म्हैस विकली, पोराचा पासपोर्ट काढला आणि आईने दिला तसाच, कुंकू लावून, खण-नारळासकट जावईबापूंच्या हातात दिला. पण पोरगा चलाख होता. बाहेर कुणाकडून तरी त्याला कळलं की नोकरीच्या व्हिसाला करारनामा असतो, आणि आपल्याला तर कुणी काही दाखवलंच नाही. तो काकीला म्हणाला, "पासपोर्ट परत आन, मला न्हाई जायाचं."

काकी माझ्या आईकडे विचारायला आली. मी त्या दिवशी माहेरीच होते. मी म्हणाले, "जा आणि घेऊन या, त्यात काय." आई म्हणाली, "वाणात दिलेलं परत मागत असतेत का? जावयाच्या पदरातून काढून घ्यायचं?" काकीने दोघींकडे पाहिलं आणि आईचं ऐकलं. पोरगा गेला.

खरं काय ते मला भावाच्या एका फोनने कळलं. मी प्रयोगशाळेत होते, दुपारची वेळ. अनोळखी नंबर. तो इतका हळू बोलत होता की आधी मला वाटलं लाइन खराब आहे. शेडनेट नव्हतंच. विमानतळावरून खोलीवर नेताना वाटेत एका रोपवाटिकेत उतरवलं, नवा शर्ट घालायला दिला, व्हिडिओ काढला आणि शर्ट परत घेतला. काम होतं भाजीच्या घाऊक बाजारात क्रेट उतरवायचं. व्हिसा फिरायला येणाऱ्याचा होता, तो कधीच संपला होता. पासपोर्ट तिथल्या मुकादमाकडे. पगार आज देतो, उद्या देतो. बाहेर पडला आणि पोलिसांनी धरलं तर आत. काकीचा पोरगाही त्याच खोलीत, आणि त्याच्या पायावर क्रेट पडून पाय सुजलेला.

"मंग इतके दिवस बोलला का न्हाईस?" मी ओरडलेच. आजूबाजूच्या पोरी बघायला लागल्या.

"दाजी म्हनले, घरी बोललास तर तुझ्या ताईचा संसार मोडंल. ईचार कर म्हनले." मग म्हणाला, "आक्का, ताईला सांगू नको."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. माझ्या आईने पुरण वाटून वाटून ज्याला जेवू घातलं त्याने तिच्या एका लेकराचं तोंड दुसऱ्या लेकराच्या संसाराने बांधलं.

मी त्याच संध्याकाळी ताईच्या घरी गेले. जावईबापूंनी दार उघडलं, पाणी आणून दिलं, पंखा लावला. मी एका दमात सगळं बोलले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. म्हणाले, "आक्का, घरातलं घरात मिटवू. पुढच्या मानसानं मलाच फसवलं, मी तरी काय करू? सगळं जल्दी होत नसतंय. तुम्ही तक्रारबिक्रार केली तर मंग माझा तिकडला मानूस फोन उचलनार न्हाई. तुमचा भाऊ तिकडंच राहील. तुम्हीच बघा."

मी ताईकडे पाहिलं. लहानपणी एका गोधडीत झोपलेली बहीण. मला वाटलं, आता ही उठेल आणि नवऱ्याच्या अंगावर ओरडेल. ती म्हणाली, "तो तिथं कामाला कंटाळला असंल. तुला म्हाईत हाय ना त्याचं." आणि गॅसवर दूध आहे म्हणून आत गेली. गॅस बंद होता, मी बाहेरूनच बघत होते. विश्वास पानिपतात मेला असं आपण हसत हसत म्हणतो. माझा त्या फ्लॅटमध्ये मेला.

तालुक्याच्या ठाण्यात मी अर्ज दिला. यजमान म्हणाले विचार कर. आईने तर अन्न सोडलं. "एक लेक परदेशात अडकली ती अडकली," म्हणजे लेकरू, तिला शब्द सुचत नव्हते, "आता दुसरीला घरी आनून बसवतीस का?" मी म्हणाले, बसव. पण पोरं आणायची तर हे कुणीतरी मोठ्याने म्हणायलाच हवं. ठाण्यातले साहेब भले होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "बाई, तुमचा अर्ज ठीक आहे, पण तुम्ही ऐकीव सांगताय. जो गेला होता त्याचा जबाब पाहिजे. त्याने सांगितलं की गुन्हा पक्का, मग दुसऱ्या पोरासाठीही वरपर्यंत लिहिता येईल." म्हणजे सगळं माझ्या भावाच्या तोंडून निघणाऱ्या चार वाक्यांवर होतं. ती चार वाक्यं बोलायला तो आधी परत यायला हवा होता.

आणि तो आला. अचानक. जावईबापूंनी दंड भरला, तिकीट काढलं आणि त्याला घेऊन स्वतः दारात हजर झाले. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. भाऊ इतका वाळला होता की त्याचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होतं. मी त्याला मिठी मारली आणि रडले. माझ्या अर्जाची भीती वाटूनच त्याला आणलं, हे मला कळत होतं, आणि मला मनातून अभिमान वाटत होता. लपवत नाही. मी जिंकले असं मला वाटलं.

काकी धावत आली. दारातूनच म्हणाली, "माझा कुठाय?"

"येईल मागून," भाऊ म्हणाला आणि चप्पल घालून शेडनेटकडे निघून गेला. मी समजले की थकलाय.

जबाबाच्या दिवशी तो मला मोटरसायकलवर मागे बसवून ठाण्यात घेऊन गेला. वाटेत मी त्याला सगळं नीट समजावलं. रोपवाटिका सांग, शर्ट सांग, व्हिसा सांग, पासपोर्ट मुकादमाकडे होता ते सांग. तो "हां, हां" म्हणत होता. काकी आमच्या आधीच एसटीने येऊन ठाण्याबाहेरच्या लिंबाखाली बसली होती. हातात डबा. भावाला आवडते म्हणून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. म्हणाली, "आधी काम करून घे, मंग खा."

साहेबांनी विचारलं. भाऊ टेबलाकडे बघत म्हणाला, "मी माझ्या मर्जीनं गेल्तो. फिरायला. कुनी फसवलं न्हाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. साहेबांनी परत विचारलं. तो परत तेच म्हणाला, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. पाठ केलेलं होतं ते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हा खोटं बोलतोय." साहेब म्हणाले, "बाई, जबाब त्यांचा आहे."

व्हरांड्यात मी त्याचा हात धरला. "कुणी शिकवलं?"

"ताईनं." तो हात सोडवायला बघत होता. "तिकडं फोन आल्ता तिचा. लई रडली. म्हनली, तुला आनायचं मी कबूल करून घेतलंय, आल्यावर फक्त एवढं म्हन."

"आणि तो? त्याच खोलीत आहे ना तो, सुजलेल्या पायाचा?"

"दाजी बघतेत म्हनले."

"आणि तुला खरं वाटलं?"

त्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "आक्का, तू जालन्याला राहून राह्यलीस. मला ह्या गावात, ह्या आईसोबत राह्याचंय. बहिनीचं घर मोडलेला भाऊ म्हनून मी कुठं तोंड दाखवू?"

ज्याच्यासाठी मी बहीण तोडली, आईचे शाप घेतले, त्याने माझ्याच साक्षीने मला खोटं पाडलं. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, कारण काकी समोरून येत होती.

"झालं का रं?" काकीने त्याला विचारलं. "सांगितलं का माझ्याबी लेकराचं?"

भाऊ म्हणाला, "झालं काकी. बरा हाय तो."

मला पुढचं सहन झालं नाही. मी काकीला तिथेच सगळं सांगितलं. पाय, मुकादम, आणि आत्ता टेबलापुढे काय झालं ते. काकी ओरडली नाही. डबा कट्ट्यावर ठेवला, पदर नीट केला आणि म्हणाली, "चल बाई, मी सांगते मंग. मला कुनाचं घर ऱ्हायलंय मोडायला?"

आम्ही दोघी परत आत गेलो. साहेबांनी नवा कागद घेतला. काकीने म्हशीपासून सगळं सांगितलं, सुसंगत, न रडता. मग साहेबांनी विचारलं, "ज्याने नेलं त्याचं नाव?"

काकीने पदर डोक्यावर ओढला. म्हणाली, "आमच्या गावचे जावई हायेत."

"नाव, मावशी."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवर ते येईना. मी सांगितलं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, गावासकट, ऑफिसच्या पत्त्यासकट. मी सांगत असताना दारात भाऊ उभा होता. सांगून झालं तेव्हा नव्हता. बाहेर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला.

काकीने अंगठा दिला. आम्ही बाहेर येऊन एसटीची वाट बघत लिंबाखाली बसलो. डबा तसाच होता. बराच वेळ ती बोटाची शाई पदराला पुसत राहिली, मग म्हणाली, "बाई, आता जावईबापूला राग आला आसंल. माझं लेकरू देतेल ना गं ते परत?"

जावयाने खोटं सांगितलं, बहिणीने सांगितलं, भावाने सांगितलं. मी काकीचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "देतील." आमच्या घरात तेवढी मीच राहिले होते.